बिशपचे दात

“दोनच वाक्यं म्हनायची तर बोर्डापुढं उभं कशाला ऱ्हायाचं? लिवून धाड की.”

“लिवल्यालं कोन वाचतंय, आये? तोंडानंच म्हनाय लागतं. आन् ह्या खोऱ्यात तुज्या तोंडाला किंमत हाय.”

“तोंडाला न्हाई, सुरीला हाय. त्यो पाय धर जरा. वर न्हाई रं, खाली वढ.”

डेलनं हरणाचा पाय खाली ओढून धरला. नेड्रानं खुरापाशी गोल चीर दिली, दोन बोटं कातड्याखाली सारली आणि अंगाला चिकटलेला ओला सदरा उतरवावा तसं कातडं सोलत खाली आणलं. हल्ली तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मुकी झाली होती. गरम कळत नव्हतं, गार कळत नव्हतं. दवाखान्यातला म्हणाला, जन्मभर गार मांस कापलं की असं व्हायचंच. ती म्हणाली, बरं.

“पैलं वाक्य काय म्हनलास?”

“‘माज्या नवऱ्याला कॅमेऱ्यामुळं त्याचा नर घावला.’”

“आन् दुसरं?”

“‘मरायच्या आधी त्यामुळं त्यो लई खूश झाला.’ बास. येवढं म्हनून खाली बसायचं.”

नेड्रानं सुरी सळईवर दोनदा फिरवली. “बगू,” म्हणाली.

“बगू न्हवं, आये. बिस्तरवारी हाय मीटिंग. शिकार-मंडळाचं बोर्ड म्हनतंय, पानवठ्यावरचे समदे कॅमेरे काढा. फोनावर फोटू धाडनारे तर हंगामभर बंदच. वाऱ्याचा, लांबीचा हिशेब करनारी दुर्बीन बी बंद. मग शेरातनं आल्याल्या गिऱ्हाइकाला मी दावू काय? ढुंगान?”

“ते बी दावून बग. नवं हाय.”

डेल हसला. ती हसली नाही. गंमत तिनंच केली होती, पण करून ती हरणाच्या दुसऱ्या पायाकडं वळलीही होती. फेब्रुवारीत तिचा नवरा व्हर्ल गेल्यापासून हे असंच चाललं होतं. तोंड आपल्या जुन्या सवयीनं बोलायचं आणि नेड्रा स्वतः कुठंतरी मागं उभी असायची.

नेड्रा टॉलमनचं मांस कापायचं शेड ड्राय फोर्क गावाच्या वरच्या टोकाला आहे, रस्ते सपाट करायची ग्रेडर यंत्रं उभी करतात त्या आवाराच्या पलीकडं. युटाच्या दक्षिणेचं हे पठार म्हणजे सगळा शिकारीचाच मुलूख. हंगाम लागला की ट्रकांची रांग तिच्या दारात. हरीण असो, एल्क असो. एल्क म्हणजे सांबरासारखाच, पण धूड म्हशीएवढं. दारात आलेल्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, “परवाना कुनाचा?” परवान्याची पट्टी शिंगाला बांधलेली असायचीच, पण ती तोंडून ऐकून घ्यायची. मग धूड आकड्याला. दोन दिवसांनी पांढऱ्या मेणकागदातली पुडकी तयार, वर काळ्या खडूनं ज्याचं त्याचं नाव. एकाचं मांस दुसऱ्याच्या पुडक्यात गेलंय असं तिच्या हातून कधी झालं नाही. कापणं तिला सासऱ्यानं शिकवलं. सासरा शिव्या देत शिकवायचा, म्हणून लवकर आलं असं ती सांगायची.

नवरा व्हर्ल ग्रेडर चालवायचा. दिवसभर मातीचे रस्ते खरवडायचे आणि रात्री पावसानं ते पुन्हा मोडायचे, यात त्याची उमर गेली. बोलायला कमी. लग्नाआधी त्यानं एल्कचा एक नर मारला होता, बापाच्या जुन्या रायफलीनं, दुर्बीण नाही, नळीवरच्या साध्या माशीवर नेम धरून. त्याचे दोन दात आणून त्यानं नेड्राच्या तळहातावर ठेवले होते. मागणी ती तेवढीच. तोंडानं काही बोलला नाही.

एल्कच्या वरच्या जबड्यात हे दोन दात असतात, हस्तिदंती, सुपारीच्या खांडाएवढे. आमच्या खोऱ्यात त्याची रीत ठरलेली आहे. ज्यानं गोळी घातली त्यानंच, जनावर डोंगरावर गरम असतानाच, आपल्या पकडीनं ते उपटायचे आणि घरी आणून बायकोच्या नाहीतर आईच्या हातावर ठेवायचे. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. लेकानं बापाच्या शिकारीला नाही, बापानं लेकाच्या नाही. व्हर्लच्या त्या पहिल्या दातांची नेड्रानं अंगठी करून घेतली. कापायला बसताना ती अंगठी दाराच्या खिळ्याला अडकवायची आणि संध्याकाळी हात धुऊन परत घालायची.

दुसऱ्या नरासाठी व्हर्ल वीसेक वर्षं थांबला. आमच्याकडच्या नराचा परवाना सोडतीत निघतो. दरसाल अर्ज करायचा, दरसाल ‘नाही’ यायचं. माणसं म्हातारी होतात, मरतातसुद्धा. व्हर्लची चिठ्ठी लागली ती गेल्या साली, तेव्हा त्याच्या नाकात नळी आली होती आणि हवेचा डबा बरोबर घेतल्याशिवाय त्याला परसाकडंही जाता येत नव्हतं.

डेल म्हणाला, बा, तू काळजी करू नकोस. डेल शिकारीचा वाटाड्या. डोंगरभर त्याचे कॅमेरे झाडांना बांधलेले. जनावर पुढनं गेलं की खटकन् फोटो, आणि फोटो थेट फोनावर. मोठ्या नरांना ही पोरं नावं ठेवतात. त्या साली सगळ्यात थोर नर होता त्याचं नाव डेलनं ठेवलं होतं ‘बिशप’. आमच्या चर्चचा बिशप म्हणजे गावातलाच बिनपगारी, संसारी माणूस; खरा बिशप खिळे-पत्र्यांचं दुकान चालवतो. दुकानात पोरं मोठ्यानं बोलायची, “बिशप काल पान्यावर आल्ता. मागं पाच बाया व्हत्या.” बिशप म्हणायचा, “माजी बायको ऐकतीया रं भाड्यांनो.”

व्हर्ल खिडकीपाशी खुर्चीत बसून फोनातला बिशप बघायचा. पाणी पिताना बिशप. चिखलात लोळताना बिशप. नेड्रानं एकदा विचारलं, “काय बगताय येवढं?”

“कवा हगतंय ते बी कळतंय गं,” व्हर्ल म्हणाला. आणि फोन पालथा ठेवला.

मग तो दिवस आला. डेलनं बापाला गाडीत घालून वर नेलं आणि दुपारी बिशप ट्रकात पडून आला. शिंगं ट्रकाबाहेर. अर्धा गाव बघायला. डेल उड्या मारत होता. व्हर्ल गाडीत काच वर करून बसला होता. नेड्रा काचेपाशी गेली, तळहात वर करून जरा वेळ उभी राहिली. तो म्हणाला, “आत ने मला. गार लागतंय.”

त्या दिवशी तिनं ‘परवाना कुनाचा’ हे विचारलं नाही. घरचंच जनावर, काय विचारायचं.

संध्याकाळी तिनं कांदा घालून कलेजी परतली. पहिल्या कलेजीचा पहिला तुकडा शिकाऱ्यानं खायचा आणि मग ताट फिरवायचं. ताट व्हर्लपुढं ठेवलं. सगळे थांबले. व्हर्लनं ताट तसंच डेलकडं सरकवलं.

“अवो, घ्या की.”

“भूक न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तिनं डोकं सोललं. ओठ मागं घेतला. दोन्ही दात जबड्यात होते. तिनं ते बघितले, सुरी पुसली आणि मान सोलायला घेतली. पुढं डेलनं कवटी उकळून, पांढरी करून आपल्या ऑफिसच्या भिंतीला लावली. दात तिच्यातच. त्या मांसाचा एक घासही व्हर्लनं खाल्ला नाही. थंडी सरायच्या आत तो गेला.

मयताला बायकांनी बटाट्याची परात आणली, वर लोणी आणि चीज. त्याला आमच्याकडं मयताचे बटाटेच म्हणतात. नेड्रा सगळ्यांना वाढत फिरली. “तू बस गं,” बाया म्हणाल्या. ती म्हणाली, “बसून काय करू?” रडली नाही. रडू दाबलं असंही नाही. आत हात घातला तर काही हाताला लागत नव्हतं.

फ्रीजरमध्ये पुडक्यांची थप्पी होती. प्रत्येकावर तिच्याच हाताचं ‘व्हर्ल’. मागच्या सालचं मांस एल्कचा नवा हंगाम लागायच्या आत संपलं पाहिजे, फेकणं हे पाप. तेव्हा ती रोज एक पुडकं काढायची, परतायची आणि उभ्या उभ्या खायची. मीठ घातलंय की नाही ते तिला कळायचं नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी रॉईस आला. हा व्हर्लचा धाकटा भाऊ. गुरं पाळतो. चर्चला कॉफी वर्ज्य आणि हा पितो, म्हणून चर्चमधली माणसं त्याच्या नावानं सुस्कारे टाकतात. कॉफीची बाटली काखेतच असते.

“वैनी, तुमी उद्या बोलनार म्हनं.”

“डेल म्हनतोय.”

“माज्या वरच्या तळ्याला गळ्यात कंठा घातल्यागत कॅमेरे बांदल्यात. येक म्हनून झाड रिकामं न्हाई. आज ह्यो येतो कॅमेरा बगाय, उद्या त्यो. गाड्या, कुत्री. माजी गुरं पान्याला यीना झाल्यात. तळं माजं, पानी मी भरतो, आन् तिथं गाईनं लाजून मागं फिरायचं?”

“मग सांगा की उद्या.”

“मी तर सांगनारच. पर माजं कोन ऐकतंय? म्हननार, रॉईस टॉलमन त्यो, रोजच भुकतंय.” त्यानं बाटलीचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. “डेलच्या ऑफिसात गेल्तो मी. दात अजून जबड्यातच हायत, वैनी.”

नेड्रा फऱ्यातलं हाड मोकळं करत होती. सुरी थांबली नाही.

“शोभंला ठिवलं असतील,” ती म्हणाली.

“माजा भाव दोन दात शोभंला ठिवील? तुमी मला सांगता?” रॉईस जवळ आला. “परवाना येकाचा आन् गोळी दुसऱ्याची. हे बोर्डापुढं कुनी म्हनलं तर डेलचं लायसन गेलं, कॅमेरे ऱ्हाऊ देत न्हाईतर जाऊ देत. मी म्हननार न्हाई. पुतन्या हाय माजा. पर तुमी तिथं उभं ऱ्हाऊन खोटं बोलू नका त्याच्या नावानं. मेल्याला उत्तर देता येत न्हाई.”

“जित्तं असताना तरी कुटं देत व्हते?”

रॉईस कॉफी पिऊन गेला.

म्हणजे प्रकरण सरळ होतं. डेलची दोन वाक्यं बोलायची, तर मेलेल्या नवऱ्याच्या तोंडात खोटं घालायचं. खरं बोलायचं, तर लेकाच्या तोंडचा घास काढायचा. दुसरी कुणी रात्रभर तळमळली असती. नेड्रा झोपली. उठली तेव्हा अंगावर पांघरूण जसंच्या तसं होतं.

मीटिंग शाळेच्या खेळायच्या हॉलमध्ये होती. मंडळाची पाच माणसं टेबलामागं, मधे एक चष्मेवाल्या बाई, पुढं घंटी. ज्याला त्याला दोन मिनिटं. खुर्च्या कमी पडल्या, तरणी पोरं भिंतीला टेकून उभी.

एक जण म्हणाला, “कॅमेरा बंद करताय, मग बंदुका बी बंद करा, धोंडं मारत पळतो आमी.” टाळ्या पडल्या. एक लंगडा गडी उठला, म्हणाला, “मला डोंगरभर हिंडाय येत न्हाई. कॅमेरा माजा पाय हाय.” त्यावर रॉईस उठला आणि गाईचं गाऱ्हाणं सुरू केलं. घंटी वाजली, तरी गाय चालूच. मागनं कुणीतरी ओरडलं, “गाईला बी दोन मिंटं द्या!”

मग आर्विला म्हातारी उठली. ऐंशीच्या पुढची, अजून स्वतः हरीण मारते. “मी काय म्हनते,” ती म्हणाली, “मागल्या साली मी झुडपाच्या आडोशाला बसले. शिकारीला न्हवं. आन् घरी यीस्तवर माजा फोटू समद्या गावाच्या फोनात. बॉबीनं मला दावला. बॉबी माजा नातू हाय! त्यानं त्या फोटूला नाव बी ठिवलं व्हतं.” हॉल कोसळला. चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्या हशातच डेलनं भिंतीवर फोटो लावला आणि बाईंनी पुकारलं, “नेड्राबाई टॉलमन.”

फोटोत बिशप आडवा पडलेला. शिंगांमागं व्हर्ल, नाकात नळी, एक हात शिंगावर. हात ठेवला नव्हता, कुणीतरी ठेवून दिला होता. त्याचे डोळे फोटो काढणाऱ्याकडं नव्हते. खाली, नराच्या तोंडाकडं होते.

नेड्रा माईकपाशी गेली. या हॉलमधल्या प्रत्येकाचं मांस तिनं कापलेलं.

“मी नेड्रा,” ती म्हणाली. “आमच्या मालकास्नी कॅमेऱ्यामुळं त्यो नर घावला.”

पहिल्या रांगेत डेलनं मान हलवली. पुढं.

ती उभी राहिली. माईक जरासा गुणगुणत होता. तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं. अंगठी बोटात होती. सवयीनं अंगठ्यानं ती फिरवत होती, पण फिरते की नाही ते बोटाला कळत नव्हतं.

“लेकानं मला दोन वाक्यं दिल्ती,” ती म्हणाली. “दुसरं मला म्हनता येत न्हाई.”

“म्हणजे?” चष्मेवाल्या बाई पुढं वाकल्या. “विसरलात का? सावकाश आठवा. तुमची वेळ आहे अजून.”

“इसरले न्हाई. त्यांनी त्यातला येक घास खाल्ला न्हाई.”

“बरं... मग कॅमेऱ्याच्या बाजूनं लिहू, का विरुद्ध?”

नेड्रानं विचार केला. खरंच केला. “लिवा, आली व्हती,” म्हणाली, आणि खाली जाऊन बसली.

मागं रॉईस होता. तो तिच्या कानाशी वाकला. “अर्दंच बोललात, वैनी.”

“दोनच मिंटं व्हती,” ती म्हणाली.

मंडळानं त्या दिवशी काही ठरवलं नाही. पुढच्या महिन्यावर ढकललं. परत येताना डेलनं आईला दारात सोडलं आणि गाडी तशीच मागं वळवली.

सकाळी नेड्रा हरणाच्या फासळ्या विजेच्या करवतीनं कापत होती, तेव्हा तो आला. काखेत बिशपची कवटी, शिंगं दारात अडकली. तिरपी करून त्यानं ती आत घेतली आणि टेबलावर ठेवली. शेजारी पकड ठेवली.

“बाचा हात लई थरथरत व्हता,” तो म्हणाला. “दुर्बिनीत समदं लावून दिल्तं मी. खाली फकस्त दाबायचं. तर म्हनला, ऱ्हाऊ दे, पोरा. जाऊ दे त्याला. मी म्हनलो, बा, येवढी वर्सं थांबलास. आन् बंदूक माज्याकडं घितली.”

“व्हय.”

“तुला ठावं व्हतं?”

“डोकं सोललं तवापास्नं.”

“मग बोलली का न्हाईस गं?”

“तू तरी कुटं बोललास?” तिनं करवत बंद केली. भुसा झाला होता हाडांचा, तो हातानं खाली लोटला. “त्ये बी बोललं न्हाईत. तिगं बी टॉलमनच आपन.”

डेलनं पकड तिच्याकडं सरकवली. “दात तू काड.”

“मी कशी काडू? मी मारला व्हय?”

“मग मी काडतो.”

“परवाना तुजा न्हवता.”

“मग कुनाचे म्हनायचे हे?”

नेड्रानं कवटीकडं बघितलं. दोन दात जरा पिवळट पडले होते. “बिशपचे,” म्हणाली. “तिकडं फ्रीजरवर ठिव. आन् पकड जागंवर अडकव.”

त्यानं ठेवली. पकड अडकवली. डोळे पुसले बाहीनं. तिनं बघितलं, आपल्यालाही काही होतंय का म्हणून जरा वाट बघितली. काही झालं नाही.

“मी आता काय करू, आये?”

“भावजीच्या तळ्यावरचे कॅमेरे काडून आन.”

“कायदा झाला न्हाई अजून.”

“कायदा मी कुटं म्हनले?”

डेल दारात उभा राहिला. “त्येवड्यावर भागतंय का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “जा.”

त्याची गाडी वर डोंगराच्या वाटेला लागली. सकाळपासून बोटातच राहिलेली अंगठी तिनं काढून खिळ्याला अडकवली. फ्रीजर उघडून शेवटची पुडकी बघितली, दुपारसाठी एक काढून बाहेर ठेवलं. बर्फाचा गठ्ठा, उघड्या हातात घेतला तरी काही वाटलं नाही.

बाहेर भोंगा वाजला. शहराकडचे दोघं, नवे कोरे बूट, ट्रकात हरीण. पुढचा गडी हसत उतरला. “मावशी, मीटिंगला व्हतो आमी काल. तुमीच न्हवं त्या...”

“परवाना कुनाचा?”

“माजा. ही बगा पट्टी.”

तिनं पट्टी बघितली. मग मान वर केली. “आन् मारलं कुनी?”

गडी थांबला. त्यानं जोडीदाराकडं बघितलं, जोडीदारानं बुटाकडं. “म्हंजी काय? मीच की.”

नेड्रानं हातातली पट्टी सोडली.

“बरं,” म्हणाली आणि आकडा खाली ओढला. “खिमा किती करू, चॉप किती? पाय धरा येकानं. वर न्हाई वो, खाली वढा.”